कापलेल्या नऊ ओळी

मार्लिस कांगस हिने एकवीस वर्षं डॉक्टरांचं बोलणं ऐकून टाइप केलं. इश्पेमिंग या खाणींच्या गावात मुख्य रस्त्यावरचं एक कार्यालय, कानाला हेडफोन, पायाखाली आवाज मागेपुढे करायचं पेडल. औषधाच्या मात्रेतला दशांशाचा एक ठिपका चुकला तर माणूस जाऊ शकतो, हे तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तिच्या हातून तो कधी चुकला नाही. मग कार्यालयाने बोलणं ऐकून आपोआप लिहिणारी यंत्रणा घेतली आणि बावन्नाव्या वर्षी मार्लिस घरी बसली.

वाचायची ती फक्त रहस्यकथा. हल्ली त्यातल्या कितीतरी प्रकाशकाशिवायच निघतात. लेखक स्वतःच फाइल ऑनलाइन दुकानात चढवतो, मुखपृष्ठ कुणाकडून तरी करून घेतो आणि मजकूर तपासायला माणूस शोधतो. तो माणूस आपण का होऊ नये, असं मार्लिसला वाटलं. तिने बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम घेतला. शिकवणाऱ्या बाई व्हर्माँटहून पडद्यावर बोलायच्या आणि मार्लिस वहीत उतरवून घ्यायची. प्रेमकथेच्या शेवटी जोडपं एकत्र यायला हवं. भयकथेत आधी भीती, भूत नंतर. रहस्यकथेत वेग पडू देऊ नका. आणखी एक सूचना होती: काहीही कापण्याआधी पुस्तक शेवटपर्यंत वाचा, हात बांधून. तीही तिने उतरवली. पण एकवीस वर्षांची सवय वेगळी होती. कानावर शब्द पडला की बोटं चालायची. पुढे काय येतंय याची वाट पाहायची नसे.

तिचा पहिला लेखक गावातलाच होता. रेनो साल्मेला, वय अठ्ठ्याहत्तर, लोखंडाच्या खाणीतला निवृत्त सर्व्हेअर. जंगलात शिकार-मासेमारीवर नजर ठेवणाऱ्या हिल्मा नावाच्या वॉर्डनबाईच्या सहा रहस्यकथा त्याने स्वतः काढल्या होत्या आणि सातवी तयार होती.

"हिल्माला हात लावायचा नाही," तो म्हणाला. "बाकी काय कापायचं ते काप."

"हिल्मा सुस्कारे फार टाकते. पहिल्या शंभर पानांत एकोणीस."

"मोजलेस?"

"मोजले."

"मग तूच बघ बाई माझं पुस्तक."

तिने सात आठवडे काम केलं. कापलेलं लाल रेघेखाली दिसेल आणि कारण बाजूला असेल, अशी फाइल तिने परत पाठवली आणि प्रत्येक खूण वाचा असं बजावलं. रेनोचे डोळे अधू झाले होते. त्याने 'सगळे बदल मान्य' हे एकच बटण दाबलं आणि आपल्या जुन्या फाइलच्या जागी तीच साठवली. लाल रेघा गेल्या आणि त्यांच्याबरोबर कापलेला मजकूरही. जानेवारीत पुस्तक बाहेर पडलं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी वाचनालयात त्यावर चर्चा झाली. गावातल्या निम्म्या लोकांना गणित शिकवलेल्या आयली हार्यू बाई पुस्तकात चिठ्ठ्या घालून आल्या होत्या.

"रेनो, तू लबाडी केलीस."

"मी?"

"शेवटी हिल्मा म्हणते, कपाच्या तळाशी साखर होती, म्हणून खुनी मेहुणाच हे ओळखलं. कुठला कप? मी दोनदा शोधला. पुस्तकात कपच नाही."

"आहे की. चौथ्या प्रकरणात. तळ्यावरच्या मासेमारीच्या झोपडीत दोन कप असतात. मेलेल्याला मधुमेह, तो साखर घेत नाही. म्हणजे दुसरा कुणीतरी येऊन बसला होता."

"दाखव."

रेनोने चष्मा बदलला आणि पानं उलटू लागला. बाकीचे आठ जण वेलदोड्याचा पाव खात होते. "खुन्याने विसळून ठेवला असेल रे," कुणीतरी म्हणालं. सगळे हसले, रेनोही. मग त्याने पुस्तक मिटलं.

त्याची बायको एल्वी सहा वर्षं विसरत विसरत गेली. पहिली खूण अशीच होती. कधी न लिहिलेली पत्रं आपण पोस्टात टाकली, असं ती ठासून सांगायची.

सोमवारी सकाळी त्याने मार्लिसला फोन केला. आवाज शांत होता. "कप मी लिहिलाच नाही बघ. माझ्या फाइलमध्येही नाही. मला तो दिसतो, कडेला टवका उडालेला. पण लिहिला नाही. माझंही एल्वीसारखं सुरू झालं."

त्याला धीर द्यावा म्हणून मार्लिसने आपल्याकडची खुणा केलेली फाइल उघडली. चौथ्या प्रकरणात नऊ ओळी होत्या: स्टोव्ह, बादली, घडीच्या खुर्च्या, फळीवर दोन कप, एकाच्या तळाशी साखर. नऊही ओळींवर तिची लाल रेघ होती. बाजूला तिचेच शब्द: वस्तूंची यादी, वेग पडतो. शेवटच्या प्रकरणात तिला काही खटकलं नव्हतं, कारण तो कप तिने वाचलेला होता. पानावरून गेला तरी तिच्या डोक्यात राहिला होता.

ती चार दिवस गप्प राहिली. हाताशी दुसरा लेखक नव्हता आणि कामासाठी विचारणा करणारे तिघे लेखकही रेनोच्या ओळखीचे होते. शुक्रवारी दुपारी ते पान छापून घेऊन ती त्याच्याकडे गेली.

स्वयंपाकघरातल्या प्रत्येक कपाटावर चिठ्ठी होती. ताटं. मीठ. औषधं.

"हे काय?"

"आत्तापासून सवय केलेली बरी. एल्वीच्या वेळी आम्ही उशीर केला."

मार्लिसने कागद टेबलावर ठेवला. "कप तुम्ही लिहिला होता. मी कापला."

त्याने ओळींखाली बोट फिरवत दोनदा वाचलं.

"हे माझंच आहे."

"तुमचंच."

"तुला कधी कळलं?"

"सोमवारी."

"आज शुक्रवार."

"हो."

"मंगळवारी मी कार्लीनला फोन केला. आई गेली तेव्हा पोरगी माझ्यासमोर रडली नव्हती, ती मंगळवारी रडली. बुधवारी गाडीच्या चाव्या शेजारी देऊन आलो. काल या चिठ्ठ्या लिहिल्या. तू काय करत होतीस?"

"तुम्हाला पत्र लिहीत होते. लिहून खोडत होते."

"खोडण्यात हुशारच आहेस तू."

खुणा वाचा असं मी सांगितलं होतं, हे वाक्य मार्लिस गाडीत तयार करून आली होती. ते तिने उच्चारलं नाही.

रेनोने ग्रीन बे शहरात राहणाऱ्या मुलीला फोन लावला आणि तो टेबलावर मध्ये ठेवला. "सांग तिला."

"तुम्ही सांगितलंत तर..."

"मी सांगितलं तर तिला वाटेल, बाबा स्वतःची समजूत घालताहेत. तू सांग."

मार्लिसने सांगितलं. कार्लीन म्हणाली, "पुन्हा सांगा." तिने पुन्हा सांगितलं. "कागद आहे? फोटो पाठवा. आत्ता, फोन न ठेवता." लाल रेघेचा फोटो गेला.

"बाबा," फोटो वाचून कार्लीन म्हणाली, "डॉक्टरांची वेळ मात्र रद्द करायची नाही."

"नाही करत."

ऑनलाइन दुकानातली फाइल दोन दिवसांत बदलली. छापील प्रती गेल्या त्या गेल्या. वाचनालयातल्या प्रतीत आयलीबाईंनी नऊ ओळींची चिठ्ठी चिकटवली. विचारणा करणाऱ्या तिघांना मार्लिसने झालेला प्रकार स्वतःहून कळवला. त्यातले दोघे दुसरीकडे गेले. मे महिन्यात डॉक्टरांनी रेनोला तपासलं: वयाला साजेसं विसरणं, जास्त काही नाही. ते त्याने लेखी मागून घेतलं आणि मुलीकडे पाठवलं. मार्लिसला हे आयलीबाईंकडून कळलं. रेनो तिच्याशी बोलत नव्हता.

नोव्हेंबरमध्ये त्याचा फोन आला. आठवं पुस्तक झालं होतं. फाइल मिळणार नाही, तो म्हणाला. कागदावर छापलंय. इथे येऊन वाचायचं, मोठ्याने, पहिल्यापासून शेवटपर्यंत. पेन आणायचं नाही.

सहा दिवस लागले. ती वाचायची आणि रेनो समोर डोळे मिटून ऐकायचा. कुठेही अडवायचा नाही. दुसऱ्या दिवशी एका परिच्छेदावर तिचा आवाज मंदावला. त्याने एक डोळा उघडला. ती पुढे वाचू लागली.

शेवटचं पान संपल्यावर त्याने विचारलं, "खुनी कुठे कळला?"

"नवव्या प्रकरणात. आगगाडीचं तिकीट सापडतं तिथे."

"फार लवकर," रेनो म्हणाला. उठून त्याने खणातून पेन्सिल काढली आणि तिच्यापुढे ठेवली.