जागा मोकळी करणारा माणूस

आमच्या साखर कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात माझ्या शेजारी बसणाऱ्या माणसाइतका हेवा मी आयुष्यात कुणाचा केलेला नाही. पुण्याचा डिप्लोमा माझ्याकडे, घर शहरात, सावेडीला. हा नेवाशाकडच्या खेड्यातला, उसाच्या गाड्या वजन करायच्या काट्यावरून बदलून आलेला. तरी आमचा कॉम्प्युटर, फ्रिजएवढं ते काळं मशीन, अडलं की सगळे त्यालाच हाका मारायचे. विभागप्रमुखाची खुर्ची त्याला मिळाली तेव्हा मी पेढा घेतला आणि खणात टाकून दिला.

त्याला एकच वेड होतं, वापरून झालं की सोडायचं. मागून घेतलेलं पेन टोपण लावून परत यायचं. लग्नात जेवण झालं की हा स्वतःची खुर्ची मिटून भिंतीला लावायचा. एकदा नवरदेवाच्या मामांचीही लावली. ते नुसते पाणी प्यायला उठले होते. आमच्याकडे जेवला आणि स्वतःचं ताट घासून गेला. पुढे महिनाभर घरात माझं काही खरं नव्हतं.

मशीनमध्येही तेच. प्रोग्राम चालताना मेमरी घेतो, फायली उघडतो. मशीन ते सगळं एका गटात बांधून ठेवतं आणि गट बंद केला की सारं सुटतं. काट्याचा प्रोग्राम सारखा लागतो म्हणून त्याचा गट हा उघडा ठेवायचा. बाकीचे गट काम सरताच बंद. मी एकदा उसाच्या गाड्यांची यादी काढणारा प्रोग्राम लिहिला. यादी निघाली, पण गट उघडाच राहिला आणि गाड्यांची फाईल त्यात अडकली. काट्यालाही तीच फाईल लागते, म्हणून काटा थांबला, ट्रॅक्टरची रांग फाटकाबाहेर गेली. हा शेंगदाणे खात आला.

“भाऊ, पावना जेवून उठला, पर ताट कोन उचलनार?”

दोन बटणांत रांग हलली. वर मोठ्या साहेबांना त्याने सांगितलं, “मशीन लई जुनं हाय, भाऊंची चूक न्हाई.” त्या चांगुलपणाचाच मला जास्त राग आला.

गेल्या हंगामाअखेर तो निवृत्त झाला. कपाट रिकामं, खण पुसलेला. “माजं नाव तुमीच काढा,” म्हणाला. मी मशीनवरून त्याचं नाव काढलं, त्याचे सगळे प्रोग्राम माझ्या नावावर घेतले आणि इतकी वर्षं हवी असलेल्या खुर्चीत बसलो.

चार वाजता पडद्यावर ओळ उमटली, “भाऊ, चहा घ्या.”

शोधलं तर एक चिमुकला प्रोग्राम सापडला. जाण्याआधी त्याने तो माझ्याच नावाने सुरू करून ठेवला होता, म्हणजे त्याचं नाव काढलं तरी तो चालूच राहावा. दिवसभर काही करत नाही, नुसती जागा अडवून चार वाजायची वाट पाहतो. त्या प्रोग्रामचा गट त्याने मुद्दाम उघडा ठेवला होता. बंद करायला एक बटण पुरे. रोज चार वाजता मी चहाला उठतो आणि तो प्रोग्राम चालूच ठेवतो.