पुढच्या बोंडावर नजर

शेंद्र्याच्या कंपनीत तनुजा तपासणीवर. पट्ट्यावरून भाग आला की उचलायचा, उलटापालटा करून दोन्ही अंगांनी पाहायचा, मगच क्रेटमध्ये टाकायचा. नऊ वर्षं झाली, खोटा भाग तिच्या हातून पुढं गेला नाय. अन् ह्याच गुणापायी तिचा क्यूब अडून बसला होता.

रुबिक क्यूबचं, म्हणजे रंग जुळवायच्या त्या ठोकळ्याचं, वेड मूळचं लेकीचं. श्रेयानं दोन महिन्यांत टाकला, आईनं उचलला. गारखेड्याहून निघणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये बाकीच्या बाया डुलक्या घेत, ही क्यूब फिरवी. तीन बाय तीन जमला, मग पाच बाय पाच आणला. आधी सहा अंगांचे मधले नऊ-नऊ चौकोन लावायचे, मग तीन-तीन तुकडे जोडून बारा कडा करायच्या. पुढं तो लहान क्यूबागतच सुटतो. सुटायचा तिला, पण दोन मिनिटं चाळीस सेकंदांच्या खाली काटा उतरंना. स्पर्धेत पहिल्या दोन डावांत एकदा तरी अडीच मिनिटांच्या आत यावं लागतं. आलात तर पुढचे तीन डाव अन् यादीत सरासरी. नाय तर घरी. तनुजा दोनदा घरी आली होती. तिसरी स्पर्धा डिसेंबरात होती.

"वेग वाढव, हाताचा वेग!" नवरा सुदर्शन म्हणायचा. हिनं वाढवला. खडखडाट शेजाऱ्यांना ऐकू जाई. वेळ मात्र तोच.

दिवाळीत ती खुलताबादजवळच्या शेतात सासू द्वारकाबाईसोबत कापूस वेचायला गेली. भाकर खाऊन बांधावर बसली अन् क्यूब काढला. द्वारकाबाई सुपारी कातरत पाहत राहिली.

"अगं, थांबती कामून?"

"कुठं थांबले, आत्या?"

"ही काय! जुळलं की उलटं करून पाहती, नवरी पाहायला आल्यावानी. जुळलेलं काय पळून चाललं?"

तनुजानं मनात मोजलं तर बारा कडांना बारा थांबे.

"पण पाहिलं नाय तर चुकंल की."

"तरीच तुझी ओटी सगळ्यांत रिकामी! हात ह्या बोंडावर, नजर पुढच्या बोंडावर. अन् पळू नको बाई. पळणारी अर्धा कापूस झाडावरच सोडती."

त्या दिवसापासून तनुजानं हाताचा वेग निम्म्यावर आणला. एक कड जुळत असताना डोळे पुढच्या कडेचे तुकडे हुडकायला लावले. पहिल्या आठवड्यात वेळ गेला तीन मिनिटं दहावर.

"आईची शिकवणी लई फळली म्हणायची!" सुदर्शन हसला.

"गप बसा. वेचणी चालू हाय."

महिन्याभरानं दोन पस्तीस लागला. मग दोन तेहतीस. त्याखाली नाय.

स्पर्धेच्या हॉलात पहिल्याच डावाला भीतीनं जुनी खोड वर आली. हात पळाले, दर कडेला क्यूब उलटला. दोन त्रेचाळीस. दुसऱ्या डावाला बसताना तिला पक्कं ठाऊक होतं, हा गेला की तिसऱ्यांदा घरी.

तिनं मुद्दाम हात सैल सोडले. एक कड, दुसरी, तिसरी. मागं वळून पाहणं नाय. सहावी कड कच्ची राहिली, ते पुढं गेल्यावर दिसलं. न पाहण्याचा हा दंड. पण ती थांबली नाय. कच्ची कड तशीच ठेवून पुढच्या घेतल्या अन् शेवटी मागं येऊन तिला जुळवलं. घड्याळ थांबवायला त्यावर दोन्ही हात आपटले.

दोन अठ्ठावीस.

पुढचे तीन डाव काय ग्वाड गेले नाय. दोन एकोणचाळीस, दोन एकतीस अन् शेवटचा दोन अठ्ठावन्न. सगळ्यांत चांगला अन् सगळ्यांत वाईट डाव सोडून उरलेल्या तिन्हींची सरासरी दोन सदतीस, यादीत शेवटून दुसरी. सुदर्शननं फोनवर तो आकडा तीनदा वाचला.

"शेवटच्या डावाला काय झालं गं?"

"दहावी कड," तनुजा लगेच म्हणाली. "तिथवर गेलं की मोकळे तुकडेच उरत नाहीत. नजर पुढं टाकायची तर कुठं?"

"मग?"

"मग काय, तिथलं वेगळं शिकावं लागंल."

सोमवारी बसमध्ये तिनं क्यूब नऊ कडांपर्यंत लावून घेतला. मग दहावीपासून पुढचं तेवढंच, मोडून मोडून, शेंद्रा येईस्तोवर.