लाउडस्पीकरवरचा पासवर्ड

संगणकावर इतका निस्सीम विश्वास ठेवणारा माणूस संगणक बनवणाऱ्यांच्या घरातही सापडणार नाही. पिंपळगाव बसवंतला ज्या द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये मी मॅनेजर होतो, तिथले हे आमचे सुपरवायझर. वीस वर्षं नुसता घड उजेडात धरून बाग कुणाची ते सांगणारे. पुण्याच्या टायवाल्या सल्लागारांनी सगळा कारभार स्क्रीनवर नेला, आणि यांनी स्वतःचे डोळे जणू सेवानिवृत्त करून टाकले. "सिस्टीम खोटं बोलत नाय, साहेब," हे त्यांचं पालुपद. स्क्रीनवर एक अंश दिसला, की बंद पडलेल्या कोल्ड स्टोरेजमध्येही त्यांना हुडहुडी भरायची. हजेरीचं मशीन आलं, तेव्हा कात्री चालवून झिजलेला त्यांचा अंगठा त्याने ओळखलाच नाही. दिवसभर ते गेटबाहेर बसून राहिले. मी म्हटलं, "अहो, मला दिसताय ना समोर!" तर म्हणाले, "तुम्हाला दिसून काय उपेग? मी गैरहजर हाय." अंगठा नीट नोंदवून घेतल्यावर मात्र चहाला जातानाही मशीनला अंगठा लावून जाऊ लागले. मुलीच्या लग्नात त्यांनी जेवणाच्या पासांवर बारकोड छापले. नवरदेवाच्या मामांचा बारकोड काही लागेना, तेव्हा मामांना ताटावरून उठवलं. ओझरचे व्याही ते अजून विसरलेले नाहीत.

आम्हा साहेब लोकांचंही परिवर्तन झालंच. पूर्वी मी टेबलाटेबलाशी जाऊन द्राक्षं पाहायचो; आता काचेच्या केबिनमध्ये बसून स्क्रीनवरचे हिरवे चौकोन पाहू लागलो. चौकोन लाल होऊ न देणं यालाच व्यवस्थापन म्हणतात, असं मला एका वातानुकूलित प्रशिक्षणात कळलं. कारभार कागदमुक्त झाल्यापासून कागदाची रिमं दुप्पट लागू लागली, कारण चेअरमनना प्रत्येक स्क्रीन छापून हवी असे. पासवर्ड दर महिन्याला बदलायचा. तो आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात राहीना. म्हणून आम्ही सगळे सुपरवायझरांच्याच नावाने काम करायचो, आणि ते दर एक तारखेला नवा पासवर्ड लाउडस्पीकरवरून जाहीर करायचे. "गुप्त ठेवा रे," हेही स्पीकरवरूनच.

इथवरचे किस्से सांगून मी आजवर पुष्कळ बैठका रंगवल्या. पुढचं कधी सांगितलं नाही.

एका दुपारी कंटेनरचा ड्रायव्हर माझ्या दारात उभा राहून ओरडत होता. त्याच्या मालाचा प्रयोगशाळेचा अहवाल यायचा होता, म्हणून माल थांबवलेला. उशीर झाला म्हणून चौकोन लाल झाला होता. सुपरवायझर चहाला गेले होते. मी त्यांच्या नावाने सिस्टीममध्ये शिरलो आणि 'पास'चं बटण दाबलं. माल बंदरावर अडकला. फवारणीच्या औषधाचे अंश जास्त निघाले. मीटिंगमध्ये भिंतीवर नोंद झळकली. त्यांचं नाव, वेळ तीन एकोणीस.

"तुम्हीच पास केलं?" चेअरमननी विचारलं.

सुपरवायझरांनी भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी पाण्याच्या बाटलीचं बूच उघडण्यात गुंतलो होतो. "नाव तर माझंच हाय," ते म्हणाले.

त्यांना काढून टाकलं. मला पुढे निवृत्तीच्या वेळी शाल, नारळ आणि 'डिजिटल नेतृत्वा'ची ट्रॉफी मिळाली.

गेल्या महिन्यात नाशिकहून त्यांच्या घरी गेलो आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग उठून देवाच्या फोटोमागून एक घडी घातलेला कागद काढला. त्या दिवसाच्या हजेरीचा. बाहेर तीन दहा, आत तीन एकतीस.

"हा कधीपासून तुमच्याकडे आहे?"

"मीटिंगमध्ये खिशातच व्हता."

"मग दाखवला का नाही?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबलो व्हतो, साहेब."

मी कागद घडी घालून परत देऊ लागलो. तेच म्हणाले, "माझं जाऊ द्या. पण पोरीला सासरी अजून ऐकवत्यात. तिलाबी वाटतं, बापानंच केलं. लिहून द्या."

कागदाच्या मागे मी लिहिलं, 'माल मी पास केला.' खाली सही केली.

"अंगठाबी लावा," ते म्हणाले. "नाव काय, कुणीबी वापरतंय."

मी अंगठा लावला. त्यांनी उजेडात धरून, पूर्वी घड पाहायचे तसा, कागद पाहिला. त्याचा फोटो काढून ओझरला मुलीला व्हॉट्सॲपवर पाठवला, आणि फोन आमच्या दोघांच्या मध्ये ठेवला. खुणा निळ्या व्हायची वाट पाहत आम्ही दोघं बसून राहिलो.