न बोलता गेलेला पंप

यंत्रांचं बोलणं माझ्या थोरल्या साडूंइतकं मन लावून ऐकणारा आणि माणसांचं बोलणं त्यांच्याइतक्या सहज कानाआड करणारा दुसरा गृहस्थ मलाक्काच्या सामुद्रधुनीच्या अल्याडपल्याड सापडणार नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. नात्याने ते माझ्या बायकोच्या ताईचे यजमान. बायको त्यांना भाऊजी म्हणते, मी दादा म्हणतो, आणि सिंगापुरातल्या तुआसच्या ज्या गोदीत ते जहाजांचे पंप दुरुस्त करायचे तिथे चिनी, मलय, बंगाली झाडून सगळे त्यांना 'स्क्रूड्रायव्हर अंकल' म्हणायचे. कारण यंत्र कुठलंही असो, लांब दांड्याचा एक स्क्रूड्रायव्हर ते त्याच्या अंगाला टेकवायचे, मूठ स्वतःच्या कानाशी दाबायचे आणि वैद्याने नाडी बघावी तसे डोळे मिटून उभे राहायचे. मग निकाल लागायचा. "बेअरिंग चाललंय. दिवाळीपर्यंत काढेल." आणि ते बिचारं बेअरिंग त्यांच्या शब्दाला जागून दिवाळीपर्यंत काढायचं. "यंत्र कधी न सांगता मरत नाही," हे त्यांचं ब्रीदवाक्य. "आधी कुरकुरतं, मग कण्हतं, मग ओरडतं. माणसंच मेली ऐकत नाहीत."

आमच्या क्वीन्सटाउनच्या घरी आले की चपला काढून ते सोफ्याकडे न जाता थेट फ्रिजकडे जायचे आणि त्याच्या पाठीला कान लावायचे. फ्रिजची ख्यालीखुशाली कळली की मग आमची. हॉकर सेंटरमध्ये सगळे काय खायचं ते ठरवत असताना हे छताच्या पंख्याखाली उभे. एकदा माझ्या बायकोने भोळेपणाने म्हटलं, "भाऊजी, आमचं वॉशिंग मशीन जरा खडखडतंय." दादा रविवारी सकाळी बिशानच्या त्यांच्या घरून हत्यारं घेऊन आले, अख्खं मशीन स्वयंपाकघरात सुटं केलं, आणि आम्हा दोघांना समोर बसवून कंपन या विषयावर जे बोलायला लागले ते जेवणाची वेळ टळून गेली तरी थांबले नाहीत. संध्याकाळी आतून माझ्या बायकोची केसांची पिन निघाली. मशीन पुन्हा जोडल्यावर मूठभर स्क्रू उरले. ते माझ्या हातावर ठेवत दादा म्हणाले, "कंपनीवाले उगाच जास्तीचे घालतात." त्या दिवसापासून आमच्या नात्यागोत्यात एक नियम होऊन बसला, की दादांसमोर कुठल्याही आवाजाचं नाव काढायचं नाही.

माणसांच्या बाबतीत मात्र त्यांची तक्रार असायची. हल्लीचे लोक तोंडातल्या तोंडात बोलतात, नव्या टीव्हींचे स्पीकर पुचाट असतात, मुलांना शाळेत खणखणीत बोलायला शिकवतच नाहीत. त्यामुळे त्यांच्या घरच्या मराठी बातम्या खालच्या मजल्यावरच्या तमिळ कुटुंबालाही पाठ झाल्या असाव्यात. आम्ही म्हणायचो, मोठा माणूस, मोठा आवाज. गोदीत जन्म गेलेला माणूस कुजबुजणार कसा?

आणि त्यांची ती गाडी! सिंगापुरात गाडी ठेवणं म्हणजे दारात हत्ती बांधणं. आधी गाडी बाळगायचा परवाना घ्या, मग गाडी घ्या, आणि दहा वर्षांनी परवाना संपला की धडधाकट गाडी मोडीत घाला, नाहीतर पुन्हा परवाना. शहाणी माणसं एमआरटीने, म्हणजे मेट्रोने फिरतात. दादांनी एक पांढरी जपानी गाडी घेतली होती आणि तिच्या स्टीअरिंगला ते स्वतःखेरीज कोणाला हात लावू देत नसत, प्रत्यक्ष ताईंनाही नाही. "एमआरटी उत्तम आहे रे," ते म्हणायचे, "पण ती माझ्याशी बोलत नाही."

त्या वर्षी गणपती झाले आणि गाडी कण्हायला लागली. स्टीअरिंग वळवलं की बॉनेटखालून 'ऊंऽऽऽ' असा लांबलचक हुंकार यायचा, आणि सरळ झालं की थांबायचा. दादांच्या बिल्डिंगला लागून बहुमजली कार पार्क. वर चढायचं म्हणजे प्रत्येक मजल्याला वळण, आणि प्रत्येक वळणाला हुंकार. मला गाडीतलं ओ की ठो कळत नाही, पण हे लक्षण बरं नव्हे एवढं मलाही समजत होतं. पण सांगायचं कोणी? कान सोनारानेच टोचावेत म्हणतात, पण इथे कान सोनाराचेच, मग टोचणार कोण? जहाजांच्या पोटातले पंप ऐकणाऱ्या माणसाला त्याच्याच गाडीतला पंप ऐकू येत नसेल, असं आमच्यापैकी कोणाच्या स्वप्नातही आलं नाही. घरचा एक पंखा त्यांनी 'अभ्यासासाठी' वर्षभर कुरकुरत ठेवला होता. तसाच हाही अभ्यास चालला असेल असं आम्ही धरून चाललो. शिवाय वॉशिंग मशीनची आठवण ताजी होती. आपण तोंड उघडायचं आणि रविवार घालवायचा, हे नको होतं कोणालाच.

त्याच सुमाराला दादांनी भलतंच काहीतरी सुरू केलं. रात्री बदाम भिजत पडायला लागले. खिशात रबरी चेंडू आला आणि बोलता बोलता ते तो दाबत बसू लागले. ताई माझ्या बायकोला फोनवर म्हणाल्या, "अगं, दंडाला तिळाचं तेल चोळतात. पहिलवान व्हायचंय की काय या वयात?" एका शनिवारी सकाळी आम्ही त्यांच्याकडे निघालो होतो, तर बिशानच्या बागेत ज्येष्ठ नागरिकांच्या व्यायामाची जागा आहे तिथे दादा दिसले. तिथे खांद्यांच्या व्यायामासाठी एक मोठं चाक बसवलेलं असतं. चिनी आजोबा-आजी ते हलक्या हाताने, गप्पा मारत फिरवतात. दादा ते चाक घामाघूम होऊन, दातओठ खात, गरागरा फिरवत होते. मागे रांगेत उभी असलेली एक आजीबाई शेवटी म्हणाली, "अंकल, स्लोली लाह! नॉट रेस, यू नो." दादांना ते ऐकू गेलं नाही. आम्हाला पाहिल्यावर मात्र त्यांनी चाक असं सोडलं, जणू ते दुसऱ्याच कोणाचं होतं.

या सगळ्याचा उलगडा महिन्याभराने एका रविवारी झाला. दादा आणि मी दोघंच हॉकर सेंटरला कॉफी प्यायला गेलो होतो. दादा कपाकडे बघत बसले. मग एरवी तीन टेबलांपलीकडे ऐकू जाणारा हा माणूस हळूच म्हणाला, "दंड गेले रे."

"म्हणजे?"

"म्हणजे गेले. गाडी वळवता येत नाही मला. दिवसेंदिवस जड होत चाललीय. बदाम झाले, तेल झालं, व्यायाम झाला, काही उपयोग नाही. आता येताना या पार्किंगमध्ये गाडी लावली ना, तेव्हा डोळ्यांपुढे काजवे चमकले."

"गाडीतच काही बिघाड असेल."

"गाडीत काही नाही. रोज सकाळी स्क्रूड्रायव्हर लावून बघतो मी." त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली. "घरी बोललो नाहीये अजून. या वेळी गोदीचा करार वाढवत नाही मी. पुण्याला जातो. ज्याला स्वतःची गाडी वळवता येत नाही त्याने जहाजांना हात लावू नये. तू ने गाडी घरापर्यंत."

मला गलबलून आलं. तुआसशिवाय दादा म्हणजे काय, हे मला डोळ्यांपुढे आणता येईना. पुण्याच्या फ्लॅटमध्ये सकाळ-संध्याकाळ मिक्सरला कान लावून बसलेले दादा मात्र लगेच दिसले. मी किल्ली उचलली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या पवित्र आसनावर बसलो. गाडी सुरू केली, स्टीअरिंग वळवायला गेलो, तर ते जागचं हलेना! दोन्ही हातांनी जोर लावला तसा गाडीने असा काही हंबरडा फोडला, की लोक चमचे हातात धरून आमच्याकडे बघायला लागले. दादा एकटेच शांत उभे राहून माझ्या दंडांकडे बघत होते.

"दादा," मी धापा टाकत ओरडलो, "माझेही दंड गेले!"

"काय?"

"दंड! माझेही!"

दादांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी जन्मात विसरणार नाही. त्यांनी मला दंडाला धरून बाहेर ओढलं, बॉनेट उघडलं, स्टीअरिंगच्या तेलाच्या डबीचं झाकण फिरवलं. डबी कोरडी ठणठणीत. पट्ट्याजवळ हात घातला तर खालून सगळं तेलकट. "पंप गेलाय!" दादा ओरडले. "अरे, पॉवर स्टीअरिंगचा पंप गेलाय!" घरात नातू झाल्याची बातमी द्यावी तशा आवाजात त्यांनी ती कॉफीवाल्याला दिली, टेबल पुसणाऱ्या बाईंना दिली, आणि मला मिठी मारून जागच्या जागी उड्या मारल्या. कॉफीवाल्याला काहीच कळलं नव्हतं, पण त्यानेही अंगठा वर केला. पंप मेला म्हणून मालक पेढे वाटायला निघालाय असा प्रसंग सिंगापूरच्या इतिहासात दुसरा घडला नसावा.

नवा पंप बसला. स्टीअरिंग एका बोटाने फिरायला लागलं. पुण्याचं नाव निघायचं बंद झालं आणि पुढच्या रविवारी बिशानला श्रीखंड-पुरीचा बेत ठरला. आम्ही दोघं, ताई, त्यांची पॉलिटेक्निकला जाणारी लेक आणि दादा. श्रीखंडाची तिसरी वाटी संपवून दादांनी गेलेल्या पंपाला श्रद्धांजली वाहायला सुरुवात केली.

"इतकी वर्षं पंप ऐकतोय, पण असा पंप पाहिला नाही. एक अक्षर न बोलता गेला! कुरकुर नाही, कण्हणं नाही. सज्जन पंप. माझा आयुष्याचा नियम खोटा पाडून गेला."

माझ्या बायकोने माझ्याकडे पाहिलं, मी पुरीकडे पाहिलं. शेवटी लेक तिच्या सिंगापुरी इंग्रजीत बोलली. "बाबा, व्हेअर गॉट सायलेंट? इट वॉज क्राइंग एव्हरी डे. होल ब्लॉक कॅन हिअर, लाह."

दादा हसले. मग कोणीच हसत नाही हे त्यांच्या लक्षात आलं आणि ते ताईंकडे वळले. ताई पदराशी चाळा करत, पण नेहमीपेक्षा मोठ्याने म्हणाल्या, "अहो, तुम्ही कार पार्कला चढायला लागलात की तो आवाज यायचा. त्यावरच मी रोज चहा टाकत होते."

मोटारीच्या आणि जहाजांच्या दुनियेतला सगळ्यात तिखट कान तिथे, श्रीखंडाच्या रिकाम्या वाटीसमोर बसला होता, आणि त्याला काय झालंय ते आम्हा सगळ्यांना एकाच क्षणी कळलं. दादांनी वाटी बाजूला सारली. मग म्हणाले, "कसा होता?"

"काय?"

"आवाज. काढून दाखवा."

मग आम्ही तिघांनी तो आवाज काढला. मी शंखासारखा काढला, ताईंनी व्यायलेल्या म्हशीसारखा, बायकोने पाळण्यातल्या पोरासारखा. तिघांचे तीन सूर. दादा कानामागे हात धरून प्रत्येकाजवळ वाकले, पुन्हा पुन्हा काढायला लावला, आणि शेवटी मान हलवून म्हणाले, "आधी तेल गळालं. मग हवा शिरली. तू काढलास तो गणपतीनंतरचा, हिचा दिवाळीचा." निदान अगदी बरोबर होतं.

सोमवारी ते आपणहून गोदीच्या डॉक्टरकडे गेले आणि साहेबांनाही स्वतःच सांगितलं. इंजिनांच्या खोल्यांत गेलेल्या वर्षांनी थोडे थोडे करून कान नेले होते. साहेबांनी त्यांना सोडलं नाही, नव्या पोरांना शिकवायच्या कामावर घेतलं. पोरं स्क्रूड्रायव्हर लावून ऐकायची, तोंडाने आवाज काढून दाखवायची, आणि दादा निकाल द्यायचे. ती शाळा बाहेरून कशी ऐकू येत असेल देव जाणे. कानाला यंत्र लागलं तेव्हा पहिले काही दिवस ते हैराण होते. वर्तमानपत्र इतकं का वाजतं, ताईंच्या बांगड्या कधीपासून किणकिणतात, चपला एवढ्या का आपटतात लोक. ताई काही सुनवायला लागल्या की ते यंत्र काढून शर्टाच्या खिशात ठेवायचे, म्हणजे एकूण फायदाच झाला. फक्त एकदा, माझ्याबरोबर कार पार्क चढत असताना, सरळ समोर बघत म्हणाले, "एवढे महिने हाका मारत होती रे ती. आणि मी दंडाला तेल चोळत बसलो."

पुढे करार संपला, आणि गाडीचा परवानाही. पुण्याला जायच्या आठवड्यात दादा गाडी मोडीत द्यायला निघाले तेव्हा मी बरोबर होतो. आवारात गाड्या ओळीने उभ्या होत्या. आमचा नंबर यायला वेळ होता. दादांनी कानातलं यंत्र नीट बसवलं, स्टीअरिंग पार डावीकडे वळवलं, पार उजवीकडे वळवलं. गाडी गप्प. नवा पंप नव्यासारखा चालत होता.

"एकदा तो आवाज काढ ना," दादा म्हणाले.

मी आजूबाजूला पाहिलं. ऑफिसातलं कोणी मला तिथे पाहिलं असतं तर माझी धडगत नव्हती. पण घसा खाकरला, श्वास भरून घेतला आणि सुरुवात केली. दादांनी डोळे मिटले. माझ्या आवाजाबरोबर त्यांनी स्टीअरिंग सावकाश वळवायला घेतलं, आणि वळण पुरं होईपर्यंत मी कण्हत राहिलो. माझा दम संपला तरी ते तसेच, मान किंचित तिरपी करून बसले होते.

"हं," दादा म्हणाले. "आली ऐकू."

आणि त्यांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.