खंडेनवमीला पुजलेली डिस्क

ती घटना विसरावी असं मला फार वाटतं, पण विसरता येत नाही. निवृत्तीनंतर लोक विचारतात, "साहेब, एखादी गाजलेली केस सांगा की." गाजलेल्या केसेस सांगायला सोप्या असतात. चोर सापडला, माल सापडला, वरून शाबासकी आली, संपलं. ही केस गाजली नाही. पेपरात कोपऱ्यात चार ओळी आल्या, त्याही चुकीच्या. इथे मी कुणाचं नाव घेणार नाही. त्यात माझं मोठेपण काही नाही. जे एक नाव हवं होतं तेच शेवटपर्यंत कागदावर आलं नाही, मग बाकीच्यांची घेऊन काय करू?

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. मी इंदापूर तालुक्यातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. नवरात्राचे घट बसले होते, पाचवी माळ. बारामतीकडून येणाऱ्या रस्त्यावर, कालव्याच्या पुलाजवळ, दिवेलागणीला एका जीपने एका तरुण बाईला उडवलं आणि जीप न थांबता निघून गेली. बाई मेंढरं घेऊन वस्तीवर परतत होती. त्या घरातले बाकीचे कधीच शेतीला लागले होते. थोडी मेंढरं सासऱ्याने हौसेने ठेवली होती आणि त्यांचं सगळं ही सूनच बघायची.

आम्ही पोहोचलो तेव्हा सासरा तिच्या डोक्याशी बसला होता. त्याला सगळे आबा म्हणत. पंचनामा करताना जमादाराने लिहिलं, की मयताच्या पदरात एक नुकतंच जन्मलेलं कोकरू, तेही मेलेलं. वाटेत मेंढी व्याली होती. कोकराला चालता येईना म्हणून बाईने ते पदरात घेतलं होतं. हे कोकरू वाचकांनी लक्षात ठेवावं, पुढे त्याचं काम आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी चालू असतानाच एक माणूस जीप घेऊन ठाण्याच्या आवारात आला. पन्नाशीचा, डोक्याला टोपी, हात जोडलेले. जीप पणदऱ्याकडच्या एका दूध शीतकरण केंद्राच्या मालकाची. हा त्यांचा जुना ड्रायव्हर, लोक त्याला तात्या म्हणत.

"सायेब, काल माज्याच हातनं झालं. ब्रेक लागला न्हाय. घाबरलो आन् पळालो."

जीप स्वच्छ धुतलेली होती. मी जमादाराकडे बघितलं, जमादाराने आभाळाकडे बघितलं. आम्हा दोघांनाही कळायचं ते कळलं होतं.

खात्यात नसलेल्यांना एक गोष्ट सांगतो. हयगयीने गाडी चालवून मृत्यू, कलम तीनशे चार अ. गुन्हा जामीनपात्र. सकाळी हजर झालेला माणूस दुपारच्या जेवणाला घरी. म्हणूनच आमच्या भागात असा गुन्हा 'अंगावर घ्यायची' पद्धतच पडली होती. गाडी चालवायची मालकाच्या पोराने आणि उभं राहायचं ड्रायव्हरने. याला कुणी गुन्हा समजत नसे, इमान समजत. "मालकाचं खाल्लंय" म्हटलं की विषय मिटला. मला या इमानाची चीड आहे, तेव्हाही होती.

त्या संध्याकाळी आबा ठाण्यात आले. बाकावर बसा म्हटलं तरी जमिनीवरच बसले.

"गाडी घावली म्हनं?"

"सापडली. ड्रायव्हर स्वतः हजर झालाय."

"त्योच व्हता का?"

"तो म्हणतोय तसं."

आबांनी डोक्याचं मुंडासं सोडून मांडीवर ठेवलं. मग म्हणाले, "सायेब, मला भरपाई नगं. पोरीनं माज्या घरात लेकीवानी दिस काढलं. तिला कुनी मारलं, येवडं एक नाव मला खरं सांगा. दुसरं काय बी मागनं न्हाय."

मी हो म्हटलं. पोलिसाने असं हो म्हणू नये, पण त्या म्हाताऱ्यासमोर दुसरं काय म्हणणार?

दसरा झाला आणि खबर आली. खबर आली म्हणजे काय, तर चहाच्या टपरीवर एक दूधवाला शेतकरी माझ्या शेजारी येऊन उभा राहिला आणि रस्त्याकडे बघत बोलू लागला. तात्या रोज संध्याकाळी टेम्पोतून गावोगावचे दुधाचे कॅन गोळा करून केंद्रावर न्यायचा.

"त्या सांजंला माजं कॅन तात्यानंच उचाललं. माज्याशी बोलला, तमाकू खाल्ली. त्यो जीपवर कवा जाईल? केंद्रावर गाडी आली की तितला पोरगा ड्रायव्हरचं नाव आन् टाइम कांप्युटरात घालतो. तितं बगा."

"ठाण्यात येऊन एवढंच सांग. मी लिहून घेतो."

माणूस दोन पावलं मागे सरला. "येडं का खुळं, सायेब? उद्या माजं दूध घेतलं न्हाय तर ओतू कुठं, वढ्यात?" चहा अर्धा टाकून निघून गेला.

मी तात्याला चौकशीला बोलावलं. अंगाला हात लावला नाही, आवाजही चढवला नाही. फक्त परत परत तेच विचारत राहिलो. त्याने पोपटासारखं पाठ म्हणून दाखवलं. वळण, पूल, ब्रेक. मग मी सहज विचारलं, "बाईच्या हातात काय होतं रे, तात्या?"

"हातात? गवताचा भारा व्हता, सायेब. डोक्यावर."

"नीट आठव. दिव्याच्या उजेडात समोर आली असेल ना?"

"व्हय, भाराच व्हता."

मी पंचनामा काढून वाचून दाखवला. कोकराचं आलं तसा त्याचा चेहरा पडला. ते त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तो कितीतरी वेळ टोपी हातात फिरवत बसला, पण जबाब बदलेना. "इसारलो आसंल, सायेब," एवढंच.

बारामती ठाण्याला कळवून आम्ही केंद्रावर गेलो. मालकांनी खुर्च्या मागवल्या, ताक मागवलं. कॉम्प्युटरचं नाव काढलं तसे हळहळले. "काय सांगू फौजदारसाहेब, दसऱ्यानंतर व्हायरस का काय म्हणतात तो शिरला. सगळं पुसलं गेलं. आमचंच केवढं नुकसान!" ऑपरेटर पोराने मान खाली घालून मशीन चालू करून दाखवलं. आत नवा नांगर फिरवल्यासारखं कोरं. आदल्या दिवसापासूनच्या नोंदी तेवढ्या होत्या. कागदी पावत्यांचं विचारलं तर त्या रद्दीत गेलेल्या. मालकांचा मुलगा पुण्यात शिकायला होता हे मला ठाऊक होतं. काय शिकतो विचारलं तर म्हणाले, "हेच की, कॉम्प्युटर." सांगताना बापाला अभिमान आवरला नाही आणि सांगून झाल्यावर जीभ चावली.

निघताना माझं लक्ष त्या मशीनकडे गेलं. कपाळाला टिळा लावावा तसं डब्याला हळदकुंकू, वर वाळलेलं झेंडूचं फूल. खंडेनवमीला आपल्याकडे नांगर, विळा, पाना पुजतात, तसा यांनी कॉम्प्युटरही पुजला होता. तेव्हा मला फक्त हसू आलं.

त्या मशीनची देखभाल करणारा इंजिनिअर बारामतीत एका गाळ्यात बसायचा. मी गेलो तर त्याने आधीच कानावर हात ठेवले. "साहेब, पुसलेलं परत येत नाही. मला काही माहीत नाही." घाबरलेला माणूस न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं आधी देतो. मी गाळा बघत राहिलो. फळीवर त्याची हत्यारं मांडलेली होती, पेचकस, पक्कड, तारांना डाग द्यायची सोल्डरिंग गन. सगळ्यांना हळदकुंकू. शेवटी वहीएवढीही नाही अशी एक लोखंडी चपटी डबी, तिलाही तसंच लावलेलं.

"हे काय हत्यार?"

तो गडबडला. "हार्ड डिस्क आहे. जुनी."

"जुन्या वस्तूची पूजा?"

मग हळूहळू बाहेर आलं. एके वर्षी खंडेनवमीला मालकांनी कॉम्प्युटरपुढे नारळ फोडला आणि पाणी थेट मशीनच्या पोटात. सगळ्या नोंदी गेल्या आणि खापर फुटलं याच्यावर. तेव्हापासून हा पठ्ठ्या दरवर्षी नारळ फुटायच्या आदल्या दिवशी केंद्रावर जायचा आणि मशीनच्या डिस्कची जशीच्या तशी प्रत या दुसऱ्या डिस्कवर घ्यायचा. त्याला तो इमेज म्हणे. "एकेक फाईल नाही साहेब, अख्खी डिस्क. त्या क्षणाला आत जे जसं होतं, ते सगळं तसंच."

"मालकांना माहीत आहे?"

"त्यांना वाटतं मी धूळ पुसायला येतो. आणि छोटे मालक तर पूजेला हसतात, ते त्या दोन दिवसांत फिरकतही नाहीत."

अपघात पाचव्या माळेचा, प्रत आठव्या माळेची. मी ती डबी कुंकवासकट पंचांसमक्ष जप्त केली.

ठाण्यात एक कोरं मशीन आणवून त्यावर ती इमेज उतरवली. जप्तीला घेतलेले दोन पंच खुर्चीच्या कडेवर बसून बघत होते. पडद्यावर एक पट्टी सरकत होती. ती भरेपर्यंत इंजिनिअरच्या कपाळावरचा घाम काही थांबला नाही. नोंदी उघडल्या. त्या तारखेची संध्याकाळ, सव्वासहा, टेम्पोचा नंबर आणि ड्रायव्हरच्या रकान्यात तात्याचं नाव. त्या वेळी जीप तिथून तासाभराच्या वाटेवर कालव्याच्या पुलाशी होती. त्यातला एक पंच, वडगाव निंबाळकरचा बागायतदार, पुढे वाकून म्हणाला, "आयला! म्हंजी पुसलं तरी न्हाय व्हय मरत?" मला तेव्हा इतका आनंद झाला की सगळ्यांना भजी मागवली. वाटलं, आबांना दिलेला शब्द आता खरा होणार.

तात्यापुढे छापील कागद ठेवला. त्याने तो वाचला आणि टोपीत तोंड लपवून रडायला लागला.

"न्हवतो सायेब मी गाडीत. मालकानं माज्या पोराला केंद्रावर कायमचा घेतो म्हून शबुद दिलाय."

"मग जीप कोण चालवत होतं?"

"त्ये मला ठाव न्हाय."

"तात्या!"

"मारून टाका, सायेब. ठाव न्हाय."

त्याने तोंडात जी गुळणी धरली ती धरलीच. इंजिनिअर म्हणाला, डेटा कुणी पुसला ते मला माहीत नाही. ऑपरेटर म्हणाला, व्हायरस होता. पुलाजवळच्या टपरीवाल्याने त्या दिवशी टपरी बंद असल्याचं सांगितलं. आमच्या जमादाराने तिथे त्याच संध्याकाळी चहा प्यायला होता. टपरीवर भेटलेला तो दूधवाला तर मला ओळखही दाखवेना. छोट्या मालकांना बोलावलं, ते वकिलांसोबत आले आणि त्या दिवशी पुण्यात होतो म्हणाले. त्यांचे चार मित्र तसं सांगायला तयार होते. वरून फोन आला, "फौजदार, आहे तेवढ्यावर दोषारोपपत्र टाका."

तरी मी मुलाचं नाव आरोपीत घातलं. कोर्टात मला वाटलं होतं की बचाव पक्ष त्या डिस्कवर तुटून पडेल. तयारी करून गेलो होतो. मालकांचे वकील उठले आणि गोड आवाजात म्हणाले, "हा पुरावा आम्हाला पूर्णपणे मान्य आहे. ड्रायव्हर तिथे नव्हता. त्याने पोलिसांची दिशाभूल केली. आमचे अशील सज्जन आहेत, त्यांचीही फसवणूक झाली." मी सरकारी वकिलांकडे बघितलं, ते कागद चाळत होते.

डिस्कने सांगितलं होतं, जीपमध्ये कोण नव्हतं. कोण होतं हे सांगायला जिवंत माणूस लागतो. सगळा तालुका ते जाणत होता आणि साक्षीच्या पिंजऱ्यात मात्र कुणीही चढलं नाही.

पुराव्याअभावी मुलगा सुटला. तात्यावर खोटी माहिती दिल्याचा गुन्हा शाबित झाला, त्याने स्वतःच कबूल केला होता. साधी कैद झाली. मालकांनी त्याच आठवड्यात त्याला कामावरून काढलं, "खोटारडा माणूस आमच्याकडे नको" म्हणून, आणि त्याच्या पोरालाही. त्या सबंध प्रकरणात शिक्षा झालेला एकच माणूस, ज्याने काही केलं नव्हतं, आणि ती शिक्षा झाली माझ्या तपासामुळे. तपासात चूक काढा म्हटलं तर आजही कुणाला काढता येणार नाही. हेच मला सलतं.

पुढे नोकरीत कॉम्प्युटर आले, प्रयोगशाळा आल्या, नवे कायदे आले. प्रशिक्षणात तरुण अधिकारी सांगायचे, आता पुरावा लपणार नाही. मी ऐकून घ्यायचो. पुरावा लपतच नव्हता हो, तेव्हाही नाही. डिस्कमधलं पुसलेलं परत येतं, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. माणसाने गिळलेलं परत काढायचं यंत्र मला अजून कुणी दाखवलेलं नाही. या केसने शिकवलं ते एवढंच, आणि शिकून काही उपयोग झाला नाही.

निकालाच्या दिवशी आबा कोर्टाच्या पायरीवर बसले होते. आत जे बोललं गेलं ते त्यांना नीट उमगलं नव्हतं. पोलीस गाडीत बसवताना तात्या त्यांच्यापुढून गेला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. तात्या म्हणाला, "आबा, मी न्हवतो हो." आबांनी मान हलवली. "ठाव हाय रं बाबा."

मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "ह्यो न्हवता, त्यो बी न्हवता. सायेब, मंग माजी सून कुनी मारली?"

निकालपत्राची प्रत माझ्या हातात होती. मी ती उलटून पालटून बघितली, जणू कुठेतरी लिहिलेलं असेल.