कॅमेऱ्याची गोळी आणि मामांची बाज

आमच्या घरी सून सासऱ्याशी थेट बोलत नाही. मुदखेडला नांदायला आल्यापासून मी मामांशी, म्हणजे सासऱ्यांशी, एक शब्द बोलले नव्हते. सांगायचं ते लेकीच्या तोंडून, "आजोबांना म्हणावं, चहा झाला." सासूबाई वारलेल्या, नवरा पुण्याला नोकरीला.

माझ्या अंगातलं रक्त कमी होत होतं आणि ते कुठून जातंय ते सापडत नव्हतं. म्हणून नांदेडच्या डॉक्टरांनी कॅमेऱ्याची गोळी गिळायला दिली. ती आतड्यातून फिरत फोटो काढते, ते कमरेला बांधलेल्या यंत्रात उतरतात, आणि गोळी संडासवाटे पडते. फोटोंत जखम दिसली. तिथं आतडं चिंचोळं झालं होतं. "गोळी पडली का ते नीट बघा. अडकली तर ऑपरेशन करावं लागेल," त्यांनी बजावलं.

बघायचं तर घमेलं घेऊन संडासात जायचं. आमचा संडास अंगणाच्या टोकाला, आणि समोरच मामांची बाज. माझी काही छाती झाली नाही. नवऱ्यानं फोनवर विचारलं, तेव्हा "हाव, पडली" म्हणून मोकळी झाले. त्यांनी तेच डॉक्टरांना कळवलं.

पुढं पोटात कळा सुरू झाल्या. मामांनीच जीप करून नांदेडला नेलं. एक्स-रेत गोळी तशीच पोटात. डॉक्टर भडकले, "पडली म्हणून कुणी सांगितलं?"

मागून मामा म्हणाले, "म्याच बघितलो, डॉक्टरसाहेब. डोळ्याला नीट दिसत न्हाई. चुकलो."

नर्स तोंडावर हात धरून हसली. सुनेचं असलं काम आपण केलं, असं चार माणसांत सांगून म्हातारा माणूस मान खाली घालून उभा होता, आणि खोटं बोललेली मी गप्प. इतकी शरम मला जन्मात वाटली नव्हती. अजूनही ते हसू आठवलं की कान तापतात.

डॉक्टरांनी सूज उतरायचं औषध दिलं, थोडे दिवस वाट बघू म्हणाले. घरी आल्याबरोबर मामांनी बाज उचलली आणि मागं गोठ्यात, पत्र्याखाली नेऊन टाकली. भर उन्हाळ्यात. लेकीनं विचारलं तर म्हणाले, "अंगणात वारं लई लागून राहिलं."

मी रोज घमेलं घेऊन जायला लागले. एका सकाळी काडीला काहीतरी कडक लागलं. लेक शाळेत गेलेली, निरोप द्यायला कुणी नव्हतं. हात धुतले, पदर सारखा केला आणि गोठ्याच्या दाराशी गेले.

"मामा, पडली."

ते पाठमोरे बसले होते. वळले नाहीत.

"डोळ्यानं बघितलीस न्हवं, माय?"

"हाव," मी म्हणाले, आणि तिथंच रडू कोसळलं.