सांध्याखालचा कापूस

यवतमाळला आम्ही भाड्याने वरच्या मजल्यावर राहत होतो, तेव्हा कापसाला भाव नव्हता. घरमालकांनी न विकलेला कापूस खाली, नेमका आमच्या स्वयंपाकघराखालच्या खोलीत भरून ठेवला होता. पाण्याचा फिल्टर बसवायला परवानगी देताना ते म्हणाले, "वहिनी, थेंबभर पाणी खाली नाही आलं पायजे."

फिल्टर बसवायला आलेला मिस्त्री पन्नाशीचा होता आणि सकाळपासून चार घरं करून आला होता. मी कामांची यादी वाचून दाखवली आणि खाली घरमालकांचा कापूस असल्याचं सांगितलं. तो मान हलवत सिंकखाली आडवा झाला. वाया जाणाऱ्या पाण्याची नळी त्याने सिंकच्या पाइपाला जोडली, मग खिशातून कापसाचा पुंजका काढून सांध्याभोवती दाबला.

"गळतं का ते हातानं बघा ना," मी म्हटलं.

"हात दिवसभर ओलाच राहते, ताई. त्याले आता काही समजत नाही. कापूस बरोबर सांगते."

पुंजका ओला निघाला. त्याने सांधा सोडून पुन्हा बांधला. दुसऱ्यांदाही ओलाच. तिसऱ्यांदा कोरडा निघाला, तेव्हा मी यादीतलं शेवटचं काम खोडलं.

"झालं. जा आता घरी, दमलात."

तो उठला नाही. नवा पुंजका लावून भिंतीला टेकून बसला.

"घरी कापूसच भरून आहे. त्याच्यावरच झोपतो आम्ही, रातभर अंग खाजते. थांबतो थोडं. खाली त्याईचं अख्खं वर्ष पडून आहे."

मला बाजारात जायचं होतं. मी चहा टाकला आणि त्याच्याजवळ फरशीवर बसून सांध्याकडे बघत राहिले.